पुतळ्याचं पोट किती कमी करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात. गावाकडच्या एका दिवंगत पुढाऱ्याच्या पूर्णाकृती पुतळ्याचं काम चालून आलंय. समितीचं म्हणणं, पोट कमी करा, उंची जरा वाढवा, चेहऱ्यावर तेज आणा. कॉलेजातले तुमचे सर म्हणतात, सौंदर्य ही पहिल्यापासून सत्तेचीच भाषा. धनी सांगेल तसं देखणं करून देतो तो कलावंत नव्हे, कारागीर. आणि तुम्ही विचारताय की सौंदर्य आणि सत्ता यांचं नातं नेमकं काय, आणि हे काम घेऊ की सोडू.

वयानं तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे असाल, पण ओळखदेख नाही म्हणून अहो-जाहोच करतो. कोल्हापूरच्या बाजूला माझी पत्र्याची शेड आहे, चौतीस वर्षं त्यात पुतळेच करतोय. बहुतेक अर्धपुतळे. संस्थेचे संस्थापक, कारखान्याचे चेअरमन, शाळेला जमीन दिलेले कुणाचे आजोबा. नाव व्हावं असं काम माझ्या हातून फारसं झालं नाही, पण समित्या मात्र मी रग्गड बघितल्यात. तेव्हा जे सांगतो ते त्या बाजूनं. (कारागीर ही शिवी आहे असं मला कधी वाटलं नाही, पण ते राहू दे.)

मला वाटतं, तुमची खरी अडचण सत्ता आणि सौंदर्य इतक्या मोठ्या शब्दांची नाहीच. तुम्हाला टोचतंय ते एवढंच की पोट कमी केलं तर मी खोटं बोललो का, आणि बोललो तर कुणाच्या वतीनं. काम घ्यावं की नाही हे तो माणूस कोण होता, त्यानं काय केलं, पैसे कुठून येतायत आणि तुमच्या घरी चूल कशावर पेटते यावर ठरतं. ते मला इथून दिसत नाही आणि मी नावही विचारत नाही. मी आजवर दोन कामं नाकारली, एक माणसावरून आणि एक पैशावरून. पैशावरून नाकारलेल्याची हळहळ अजून वाटते.

तर पोटापासूनच सुरुवात करू.

नऊ फुटी पुतळा आठ-दहा फुटी चौथऱ्यावर चढला की बघणाऱ्याचे डोळे त्याच्या बुटांच्याही खाली असतात. खालून बघताना पोट पुढं येतं, छाती मागं पडते, हनुवटी दिसते आणि कपाळ गायब होतं. डोकं लहान वाटायला लागतं. शेडमध्ये माती डोळ्यांसमोर असताना जे माप अचूक दिसतं, तेच चौकात चुकलेलं दिसतं. म्हणून जाणता माणूस डोकं किंचित मोठं धरतो, मान जराशी पुढं काढतो, भुवयांचा उठाव वाढवतो, पोटाचा दाबतो. याला खुशामत म्हणत नाहीत. ही अंतराची भरपाई आहे, आणि ती केली नाही तर तुम्ही त्या माणसावर उलटा अन्याय करता. माणसाची उंची आम्ही त्याच्याच डोक्याच्या मापानं मोजतो. साडेसात डोक्यांच्या माणसाला आठ डोक्यांचा लांबसडक करणं ही गोष्ट मात्र वेगळी. तो मोठेपणा. ग्रीकांपासून चालत आलाय, आणि तिथं तुम्ही काहीतरी म्हणताय हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

तेव्हा समितीनं सूचना केली की पहिल्यांदा बघा, समिती कुठं उभी आहे. मी काय करतो सांगू? दोन फुटी लहान मॉडेल माळ्याच्या कठड्यावर नेऊन ठेवतो आणि समितीला खाली सतरंजीवर बसवून चहा देतो. निम्म्या सूचना चहा संपेपर्यंत गळून पडतात. ज्या उरतात, तिथं तुमच्या सरांची सत्ता सुरू होते.

सरांचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. जुन्या रोममध्ये, बादशाही यायच्या आधी, मोठ्या घरातल्या माणसांचे मुखवटे आणि पुतळे सुरकुत्यांसकट करायचे. बसलेले गाल, टक्कल, गळ्याची लोंबती कातडी, सगळं. कारण त्या समाजात अधिकार वयानं यायचा. म्हातारा चेहरा म्हणजे पदं भूषवलेला चेहरा. मग ऑगस्टस आला. तो जवळजवळ शहात्तर वर्षांचा होऊन इ. स. १४ मध्ये मेला, पण त्याच्या पुतळ्यांत तो शेवटपर्यंत तिशीचाच. रोमजवळ प्राइमा पोर्टा इथं १८६३ साली त्याचा जो प्रसिद्ध संगमरवरी पुतळा सापडला, त्यात अंगावर चिलखत आहे, पाय अनवाणी आहेत आणि चेहऱ्यावर एक रेघ नाही. आधी सुरकुती ही सत्तेची खूण होती, नंतर सुरकुती नसणं ही झाली. माती तीच, हात तेच. देखणं कशाला म्हणायचं हे ठरवणारा बदलला.

आपल्याकडे हे मी एका आयुष्यात बघितलं. मी धंद्यात आलो तेव्हा समिती स्टुडिओत काढलेला काळा-पांढरा फोटो घेऊन यायची. कडा कुरतडलेल्या, मागं शिक्का, पण त्यात माणूस असायचा. डोळ्यांखालच्या पिशव्या, एका बाजूला सरकलेली टोपी. आता फ्लेक्सवरचा फोटो मोबाइलवर पाठवतात. फ्लेक्सवाल्या पोरानं त्यातले गालांचे खड्डे आधीच बुजवलेले असतात, रंग दोन घर उजळ केलेला असतो आणि केस मिशीशी जुळवलेले. 'असाच करा' म्हणतात. मग मी माणसाचा पुतळा करत नाही, फ्लेक्सचा करतो. त्यातल्या त्यात सुख एवढंच की ब्राँझला गोरं करता येत नाही. मेण उतरलं, धातू ओतला, पॅटिना, म्हणजे धातूवरचा रंगाचा थर, चढला की सगळे एकजात सावळे. चित्रकारांची पंचाईत मोठी. त्यांच्या पॅलेटवर पांढरा रंग असतो.

इथपर्यंत मी सरांच्या बरोबर आहे. पण सत्ता पैसे मोजते म्हणून सौंदर्यही तिचंच होतं, या पुढच्या पायरीवर आमचं जमत नाही. त्याला कारण एक पुण्याचं आहे आणि एक माझ्या गावचं.

पुण्याला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात विनायकराव करमरकरांनी केलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. स्मारकाचा ध्यास शाहू महाराजांचा. कोनशिला बसवली १९२१ मध्ये, इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते. मुंबईच्या माझगाव गोदीत ओतलेला तो पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला, अनावरण मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते. आणि करमरकर कोण? अलिबागजवळच्या सासवन्याचा मुलगा. देवळाच्या भिंतीवर काढलेलं महाराजांचं चित्र बघून ऑटो रॉथफील्ड नावाच्या गोऱ्या कलेक्टरानं त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडलं. हिशोब करा. कोनशिला साहेबाची, पडदा साहेबानं ओढलेला, शिल्पकारही साहेबानंच हेरलेला. सरांच्या नियमानं हा साम्राज्याचा पुतळा व्हायला हवा होता. विद्यार्थी असताना मी त्याच्यासमोर वही घेऊन बसलोय. घोड्याच्या मानेचे स्नायू उतरवता उतरवता दुपार गेली. त्यात साहेब कुठंच नाही. साहेबाला वाटलं असेल की आपण एका सरदार घराण्याच्या पूर्वजाला मान देतोय. बघणाऱ्यांनी त्यात काय बघितलं ते पुढच्या वीस वर्षांत दिसलंच.

आता माझ्या गावचं. त्याच विल्सनसाहेबाचा पुतळा कोल्हापुरात भर चौकात होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत, चाळीसच्या दशकात, भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे यांनी तो विद्रूप केला. त्याच जागी १९४५ मध्ये शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला. भालजी पेंढारकरांचा पुढाकार, बाबूराव पेंटरांचा हात. आज शिवाजी चौक म्हणतात तो हाच. पुण्यात ज्यानं महाराजांच्या पुतळ्यावरचा पडदा ओढला, त्याच्याच चौथऱ्यावर कोल्हापुरात महाराज येऊन बसले. आठवड्यातून एकदा तरी मी तिथून स्कूटर काढतो, आणि दर वेळी मला हसू येतं.

पण म्हणून सौंदर्य टिकतं आणि सत्ता जाते असलं काही मी तुम्हाला सांगणार नाही. विल्सनचा पुतळा सुंदर होता की सुमार, याची त्या दिवशी कुणी चौकशी केली नाही, आणि करायचं कारणही नव्हतं. चांगलं काम असलं म्हणून पुतळा वाचत नाही. डांबर नाकावर पडतं, नाकाच्या कोरीवकामावर कुणी थांबत नाही.

कधी कधी मात्र लोक वेगळंच काहीतरी करतात. मुंबईच्या काळ्या घोड्याचं बघा. अल्बर्ट ससून यांनी पैसे दिले, जोसेफ बोम यांनी पुतळा केला, १८७९ मध्ये युवराज एडवर्ड घोड्यावर बसून चौकात आले. पुतळा राजपुत्राचा, नाव पडलं घोड्याचं. १९६५ मध्ये स्वारी राणीच्या बागेत हलवली, तरी चौक काळा घोडाच राहिला, आणि २०१७ मध्ये तिथं नवा घोडा उभा केला तो स्वाराशिवाय. लोकांनी कुणाचा निषेध केला नव्हता. त्यांनी फक्त जे नजरेत भरलं त्याचं नाव उचललं. माझ्या कामाबद्दल मला काही आशा असेल तर ती एवढीच: खोगीर मी सत्तेला देईन, घोडा माझा.

आता गोष्ट उलटी करून बघू, कारण गुळगुळीत करून घेण्याची हौस फक्त सत्तेलाच असते असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो.

एका सहकारी संस्थेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा करत होतो. त्यांच्या कपाळावर डावीकडं खोक होती, लहानपणी विहिरीच्या पायरीवर पडल्याची. मी ती मोठ्या प्रेमानं केली होती. हाडाला जिथं जराशी खाच पडते तिथं अंगठ्यानं दाबून. समितीनं ती बुजवायला लावली. मी कुरकुरलो, बुजवली, आणि घरी जेवताना बायकोला समित्यांवर पाऊण तास भाषण दिलं. साचा घालायच्या आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी बघायला आल्या. मी मनात धरून बसलो होतो की या माउली आता विचारणार, खोक कुठं गेली? त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. खांद्यावर ओलं फडकं राहिलं होतं ते त्यांनी बाजूला केलं आणि म्हणाल्या, "बरं झालं कपाळ साफ केलंसा. त्यास्नी ती लई खुपायची. फोटोला बसायचं म्हटलं की टोपी पुढं ओढून घ्यायचे."

माझा सगळा तोरा उतरला. खरेपणाच्या नावाखाली मी त्या माणसाच्या मनाविरुद्ध त्याची खोक चौकात मांडायला निघालो होतो. समितीनं आपल्या कारणानं बुजवली, बाईंना ती त्यांच्या कारणानं बुजलेली हवी होती. सूचना एकच, पण एकीच्या मागं मिरवणं होतं आणि दुसरीच्या मागं माया.

दुसरा प्रसंग याहून महत्त्वाचा. शेतमजुरांच्या एका वस्तीवरचे लोक बाबासाहेबांच्या पुतळ्यासाठी आले होते. वर्गणी कापडी पिशवीत, दहा-वीसच्या नोटा रबरानं बांधलेल्या. मॉडेलमध्ये मी कोटाच्या बाहीला कोपराजवळ चुण्या दाखवल्या होत्या. कापडाच्या चुण्या म्हणजे शिल्पकाराला मेजवानी, तिथं आपण आपलं कसब दाखवतो. त्यातले एक वयस्क गृहस्थ जवळ येऊन बाहीवरून बोट फिरवत म्हणाले, "चुण्या बघायच्या तर आमच्या सदऱ्याला बघा की. साहेबांचा कोट कडक पायजे."

ज्यांच्या आज्या-पणज्यांना चांगलं कापड आणि दागिना अंगावर घालायलाही गावाची बंदी होती, त्यांच्यासाठी कोटाची इस्त्री हा बारीकसारीक तपशील नव्हे. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये बसवलेला ब्रह्मेश वाघांनी केलेला बाबासाहेबांचा पुतळा असो की माळावरचा सिमेंटचा निळ्या कोटातला पुतळा असो, कोट, टाय, हातातलं पुस्तक आणि पुढं आलेलं बोट हे सौंदर्य वरून खाली आलेलं नाही. लोकांनी ते वर्गणी काढून घेतलंय. अनेकदा त्या सिमेंटच्या पुतळ्यांची मापं चुकलेली असतात, बोट जाड असतं, चष्मा रंगवलेला असतो. कॉलेजात असताना आम्ही हसायचो. आज मला त्या हसण्याची लाज वाटते, कारण आम्ही ज्याला प्रमाण म्हणत होतो ते तरी कुणी ठरवलं होतं?

म्हणून मी एक साधी गोष्ट विचारायला शिकलो. गुळगुळीत करा ही सूचना कुठल्या पायरीवरून येतेय? ज्याच्याकडं सगळं आहे तो आणखी देखणा व्हायला बघतोय, की ज्याला कधी देखणं होऊ दिलं नाही तो आपला हक्क मागतोय? बाहेरून दोन्ही सूचना सारख्याच दिसतात. तुमच्या समितीत दोन्ही प्रकारची माणसं असू शकतात. एकाच माणसात दोन्ही असू शकतात, तेही बघितलंय.

बायकांच्या पुतळ्यांचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण तो इथंच आहे. आपल्या चौकांत पुरुषाला नाव असतं, पोटही असतं. देखण्या बाईला बहुतेक वेळा नाव नसतं. ती फ्लोरा असते, न्यायदेवता असते, प्रगती असते. गणपतराव म्हात्र्यांनी १८९६ मध्ये, विशीत असताना, पूजेला निघालेली नऊवारीतली तरुणी प्लास्टरमध्ये केली. मंदिरपथगामिनी. जे. जे.मध्ये ठेवलेली आहे, जाऊन बघाच. निऱ्यांखालचा पाय बघा. त्या बिननावाच्या मुलीनं त्यांचं नाव केलं आणि पुढं त्यांना नाव असलेल्यांची, राजा-राण्यांची कामं मिळाली. उलट आमच्या कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्रींनी केलेली ताराराणी घोड्यावर आहे, आणि ती दिसायला कशी आहे असं आजवर मला कुणी विचारलेलं नाही. घोडा मिळाला की बाईला देखणेपणाच्या परीक्षेतून सूट मिळत असावी.

आता तुमच्या शेडमधलं. सत्ता कुठं बघते आणि कुठं बघत नाही, हे एकदा कळलं की काम करणं सोपं जातं. समिती चेहरा बघते, उंची बघते, चौथऱ्यावरच्या पाटीतली नावं आणि त्यांचा क्रम बघते. त्या क्रमावरून झालेली भांडणं चेहऱ्यावरून झालेल्यांपेक्षा जास्त आहेत. समिती हात जवळजवळ बघत नाही. कान बघत नाही. पाठ तर कधीच नाही. चौतीस वर्षांत एका माणसानं पुतळ्याला फेरी मारून पाठ बघितली, तो शिंपी होता आणि कोटाची मधली शिवण बघत होता.

हात तुमचे आहेत. चेहऱ्याचं वय समितीनं दहा वर्षांनी कमी केलं तरी हाताचं वय कमी करायला कुणी सांगत नाही. त्यांचे मोठे फोटो मिळवा, घरच्यांना विचारा, विळी-कोयत्यानं कापलेलं बोट कुठलं, अंगठी कुठल्या हातात, काठी कशी धरायचे, बोलताना तळवा कुठं जायचा. बसलेल्या माणसाची पाठ थकलेली असते, ती थकलेलीच करा. जो माणसाला ओळखत होता तो चेहऱ्यासमोर नमस्कार करेल आणि हातापाशी थांबेल. हे मी बघितलेलं आहे म्हणून सांगतो.

आणि नजर. पुतळ्यातली खरी सत्ता तिथं असते आणि समितीला ती शब्दांत पकडता येत नाही, म्हणून ते 'तेज' म्हणतात. बाहुली खोल कोरून वरच्या कडेला मुगाएवढी माती ठेवली की तिच्यावर उजेड पडतो आणि डोळा जिवंत होतो. तुमचं तेज ते एवढंच. प्रश्न नजर कुठं लावायची हा आहे. क्षितिजावर लावली की तो माणूस आपल्या डोक्यावरून बघतो, मोठा वाटतो आणि परका होतो. रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर उतरवली की चहाच्या गाड्यावरच्या माणसाला वाटतं, आपल्याकडंच बघतायत. फरक पापणीच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटरचा. मी चौथऱ्याची उंची विचारून घेतो, समोर काय आहे ते जाऊन बघतो आणि मग ठरवतो. यात मला कधी कुणी अडवलेलं नाही, कारण मी कधी सांगितलेलंच नाही.

जिथं सत्तेशी खरोखर भांडायचं ती जागा पोट नव्हे, तारीख. जयंती आहे, साहेबांची वेळ मिळालीय, आचारसंहिता लागणार आहे. माती घाईत केली तर चेहरा बिघडतो, पण आतला सांगाडा, ओतकामाचे जोड आणि पायातले रॉड घाईत केले तर माणसं मरू शकतात. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. तो का पडला यावर मी इथून बोलणार नाही. पण त्या आठवड्यात या धंद्यातल्या प्रत्येकानं आपापल्या पुतळ्यांचे पाय आठवून बघितले असतील. मी तर दोन ठिकाणी जाऊन आलो.

तेव्हा माझं मत विचाराल तर, तो माणूस तुम्हाला अगदीच नकोसा नसेल तर काम घ्या. पोट तीन सुतांनी (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी करा आणि ते अंतरासाठी केलंय की समितीसाठी, हे स्वतःशी खरं ठेवा. उंची चौथऱ्यानं वाढवा, माणसानं नको. चेहऱ्यावर एक गोष्ट धरून ठेवा आणि ती सोडू नका. एकच, कारण सगळ्यासाठी भांडलात तर सगळंच जाईल. घरच्या माणसांना समितीच्या आधी बोलवा. मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मंजुरी लागते, तो कागद हातात आल्याशिवाय पूर्ण मापाला हात लावू नका. मंजूर झालेल्या मातीवर पुन्हा सूचना आल्या तर त्याचे पैसे वेगळे, असं करारात लिहून घ्या. सूचना आपोआप कमी होतात.

सरांशी वाद घालू नका. जमलं तर सुट्टीत त्यांना घेऊन सासवन्याला जा. करमरकरांच्या घराचंच आता संग्रहालय झालंय. राजे-महाराजे, पुढारी यांची कामं केलेल्या त्या माणसानं स्वतःच्या घरी सिमेंटची म्हैस करून ठेवलीय. तिच्यासाठी कुठली समिती आली नव्हती. तुम्हीही मागच्या बाजूला अशी एखादी म्हैस चालू ठेवा.

आणि साचा घालायच्या आधी मातीचे फोटो चारही बाजूंनी काढा, सकाळच्या उजेडात, फडकं काढून पंधरा मिनिटांच्या आत. पाठीचे दोन जास्त काढा. चेहऱ्याचे बाकीचे काढतीलच.